टॉवेलाखालचं बोलणं

म्हसवडचा तातोबा दारात उभा राहिला, तेव्हा बनुबाईच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर हातातला झाडू त्याला फेकून मारावा.

मारला नाही. एक तर माणूस म्हातारा, काठी टेकत आलेला. आणि दारात आलेल्याला पाणी विचारायचं सोडून झाडू मारायचा, ही काही विट्याकडची रीत नव्हे. पण राग होता, आणि का नसावा? लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं या माणसाच्या नावानं शिव्याच ऐकलेल्या. नवरा बाजारातनं आला, की पायताण काढता काढता सुरू व्हायचा: म्हसवडच्या चोरानं आज पुन्हा माझा गळा कापला. म्हसवडच्या चोरानं दुखरा बैल गळ्यात मारला. जत्रा खरसुंडीची असो नाहीतर पुसेगावची, हा चोर तिथं हजर असायचाच. बनुबाईनं त्याला उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल नसेल, पण शिव्या मात्र तोंडपाठ.

आणि गेल्या पौषात तर कहरच झाला. खरसुंडीच्या जत्रेत याच तातोबाबरोबर एका खोंडाचा सौदा चालला होता, आणि ऐन सौद्यात तिचा नवरा ज्ञानू बसल्या जागी कलंडला. अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ गेली. लोकांनी जीपमध्ये घालून सांगलीला नेलं, तेव्हा हा तातोबा म्हणे नुसता उभा राहून बघत होता. त्यानंतर त्यानं तोंड दाखवलं नव्हतं, ते आज फाल्गुनात.

"ज्ञानू हाय का?" तातोबानं विचारलं.

"हाय की. जातोय कुठं?" बनुबाई म्हणाली, आणि आपल्याच बोलण्याचं तिला रडू आलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि दारातनं बाजूला झाली.

आता ज्ञानू हेडी काय चीज होती, ते सांगायलाच हवं. हेडी म्हणजे बैलांचा दलाल. एकाचा बैल दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधायचा आणि मधल्यामध्ये आपली मीठभाकरी काढायची, हा धंदा. खिलार खोंड नुसता चालत आला तरी ज्ञानू सांगायचा, की हा डाव्या खुरात लंगडणार आहे, आज नाही, पुढच्या पावसाळ्यात. आणि आवाज! बाजाराच्या एका टोकाला ज्ञानू खाकरला, तर दुसऱ्या टोकाचा चहावाला कप विसळायला घ्यायचा. घरात मात्र तो कमी बोलायचा. सगळं बोलणं बाजारात संपवून यायचा, असं बनुबाई म्हणायची.

त्या माणसाचं आता सोप्यातल्या खाटेवर नुसतं मुटकुळं होऊन पडलेलं. पहिल्या पहिल्यांदा गावातली माणसं आली. हात जोडून उभी राहिली, "अरारा, लय वाईट झालं" म्हणाली, चहा पिऊन गेली. मग दोघंतिघं आली. मग कुणीच येईनासं झालं. लोकांचंही काय चुकलं म्हणा, जो बोलत नाही त्याच्याशी काय बोलायचं? आणि आठवड्यापूर्वी ज्ञानूनं खाणंही सोडलं, घोटभर पाणी तेवढं घ्यायचा. चमचा ओठाशी नेला की ओठ मिटून घ्यायचा. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, समज किती उरलीय ते सांगता येत नाही, असंच राहिलं तर नाकातनं नळी घालावी लागेल.

मुलगा जयराज फौजेत हवालदार. सुट्टी घेऊन आला होता, वाढवून घेतली होती, आता तीही संपत आली होती. त्याची बायको संयोगिता साताऱ्याला शाळेत शिकवायची, तिनं तिथं एक ठिकाण शोधलं होतं. अशी माणसं सांभाळतात, नर्स असते, नळी घालतात, कूस बदलतात. आबांना तिथं ठेवायचं, आईनं संयोगिताजवळ राहायचं, या घराला कुलूप. गाडी उद्या सकाळी येणार होती. जयराज वाईट मुलगा नव्हता हो. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

बनुबाई एका शब्दानं नाही म्हणाली नव्हती. काय म्हणणार? अंगात बळ नाही, धड कूस बदलता येत नाही, आणि हा माणूस तिच्याकडं बघायचा तो असा, की भिंतीकडं बघतोय की तिच्याकडं तेच कळू नये. एकदा तिथं नेला की हा पुन्हा या उंबऱ्यातनं आत यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणूस आत शिल्लक आहे की गेला, एवढं जरी तिला कळलं असतं, तरी ती सगळ्या जगाशी भांडली असती. पण तेच कळत नव्हतं, आणि म्हणून ती गप्प होती.

तातोबा आत आला, खाटेजवळच्या पाटावर बसला आणि कसलाही मुलाहिजा न ठेवता म्हणाला, "काय रं लबाडा? पडलास व्हय? का पडून सोंग करतूयास?"

"आवं, जरा जनाची तर ठिवा!" बनुबाई ओरडली.

पण तिकडं खाटेवर भलतंच सुरू झालं होतं. ज्ञानूचा डावा हात उठला आणि खाटेच्या माच्यावर धाडधाड आपटायला लागला. त्या हातात संयोगितानं लोकरीचा मोजा चढवलेला होता.

"ह्यो मोजा कशापाय?"

"हाताला चाळा लागलाय त्यांच्या. जवळ कोण बसंल त्याची बोटं धरत्यात आन दाबत्यात. लय जोरात. नर्सची दाबली, डॉक्टरांची दाबली, सुनंची बोटं तर काळीनिळी झाली. डॉक्टर म्हनले, व्हतं असं, आजारानं हात चाळवतो. म्हनून सुनंनं मोजा घातला, लोकरीचा मऊ बघून."

तातोबाचा चेहरा एकदम पालटला. "कशी दाबतूया? दावा की."

बनुबाईला हे काय विचारणं असं झालं, पण तिनं झाडू काखेत मारला आणि दाखवलं. आपल्याच डाव्या हातानं आपली उजवी बोटं धरली. "आदी ही दोन. मग समदा पंजा. मग हितं, मदल्या बोटाच्या पेरावर. पुन्यांदा दोन, पुन्यांदा पंजा. कवा बी बघा, असंच."

तातोबानं तो मोजा ओढून काढला आणि बाजूला टाकला. खांद्यावरचा टॉवेल घेतला, झटकला, ज्ञानूच्या डाव्या हातात आपला हात दिला आणि दोन्ही हातांवर टॉवेल पसरला.

बैलबाजारात आकडा तोंडानं बोलत नाहीत, हे बनुबाईला ऐकून माहीत होतं. चारचौघांत भाव फुटू नये म्हणून हेडी हातात हात घेतात, वरनं टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून भाव करतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, पेरावर दाबलं की अर्धा. आसपास शंभर माणसं उभी असतात आणि कुणाला काही कळत नाही. पण ऐकलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं. बायका काही बैलबाजारात जात नाहीत. एवढा जन्म हेड्याच्या घरात काढला आणि हेडी काम कसं करतो, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ते तिनं आता पाहिलं.

टॉवेल हलायला लागला. खाली उंदीर शिरावा तसा एकदा इकडं, एकदा तिकडं. तातोबा डोळे बारीक करून छताकडं बघत पुटपुटत होता, "व्हय... व्हय... आरं पर... न्हाई रं, मरतूय म्या येवढ्यात." आणि ज्ञानू? ज्ञानूची डावी भुवई वर चढली. ओठाचा डावा कोपरा जरासा वाकडा झाला. डोळ्यांत अशी काही लबाडी आली, अशी चमक आली, की बनुबाईच्या काखेतला झाडू गळून पडला. हा चेहरा तिनं कधीच बघितला नव्हता. बाजारातला चेहरा होता तो, तिच्या वाट्याला कधी न आलेला. आणि त्या चेहऱ्यामागं माणूस होता. सगळाच्या सगळा होता!

तातोबा हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतनं पाणी गालावर आलं, तरी हसणं थांबेना.

"वैनी, आवं वैनी, ह्यो चाळा न्हाई! ह्यो आकडा हाय! खरसुंडीत पडायच्या आदी ह्यानं मला जो आकडा दिल्ता, त्योच ह्यो. म्या जबाब द्यायच्या आत कलंडला. तवापास्नं इचारतूया गडी. समद्यास्नी इचारतूया, आन कुणी जबाबच दीना त्येला!"

बनुबाई मटकन खाली बसली. पौषापासून हा माणूस ओरडून ओरडून बोलत होता. नर्सशी बोलला, डॉक्टरांशी बोलला, सुनेशी बोलला. तिच्याशी तर किती वेळा बोलला असेल. आणि तिनं प्रत्येक वेळी काय केलं? हात सोडवून घेतला, आणि वर पुन्हा म्हणाली, गप पडा की वाईच. शेवटी शेवटी तर त्याच्या तोंडाला बूच मारावं तसा त्या हाताला मोजा चढवला होता, तोही मायेनं.

"आवं, मला काय ठावं!" ती खाटेकडं बघून म्हणाली. "मला कुणी शिकीवलंय का कवा?" आणि मग तातोबावर तिचा भडका उडाला. "आन तुमी! येवढं म्हैनं कुठं मेलावतासा? आदी यायला काय झाल्तं?"

तातोबानं मान खाली घातली. "भ्यालो व्हतो वैनी. माज्या संगं घासाघीस करताना पडला, म्हंजे म्याच मारला, असं बसलं डोक्यात. घरात तरी कुणाला सांगायचं? मालकीण जाऊन लय वर्सं झाली. पोरांच्या चुली येगळ्या. बाजारबी ऱ्हायला न्हाई. आता मोबायलवर बैलाचा फोटू धाडत्यात, आन फोटूवरच सौदा. म्या कुणाचा हात धरू? ह्यो पडला आन माजं समदंच थांबलं. अन्न ग्वाड लागंना. आज सकाळी म्हनलं, मेला असंल तर बगून यावं, जित्ता असंल तर शिव्या देऊन यावं. बसलो यष्टीत."

बनुबाईचा राग तिथंच विरला. "आकडा केवढा व्हता?" तिनं विचारलं.

"त्ये न्हाई सांगायचं. टावेलाखालचं टावेलाखाली."

"मग जबाब तरी द्या त्यास्नी! किती ताटकळत ठिवताय?"

तातोबानं नाक पुसलं, सावरून बसला. "खोंड तर कवाच दुसऱ्याच्या दावणीला ग्येलं. पर सौदा अर्धा टाकू न्हाई मानसानं." टॉवेल हलला, एकदाच. मग तातोबानं टॉवेलाबाहेर हात काढून ज्ञानूच्या पंज्यावर खणखणीत टाळी दिली. सौदा मिटला की देतात तशी. "घे. तुज्या आकड्यावर आलो. उभ्या जन्मात पयल्यांदा आलो, ध्यानात ठिव."

ज्ञानूनं डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. त्याचा हात खाटेवर शांत पडून राहिला. पौषापासून तो हात असा शांत पडलेला कुणी पाहिला नव्हता.

तेवढ्यात जयराज विट्याहून आला. गाडीचं नक्की करायला गेला होता. बनुबाईनं त्याला उंबऱ्यातच धरलं आणि भडाभडा सगळं सांगितलं. जयराजनं ऐकून घेतलं, तातोबाच्या पाया पडला, आणि मग आईला म्हणाला, "आई, मला पण वाटतंय गं असं असावं म्हणून. पण जन्मभर केलेलं काम आहे. बोटं सवयीनं हलत असतील. झोपेत पण सैनिकाचा हात सलामीला उठतो, मी बघितलंय. डॉक्टर काय उगाच बोलले नसतील."

पोरगं खोटं बोलत नव्हतं.

तातोबा मात्र बिथरला नाही. फौजेतल्या माणसाशी वाद घालत बसला नाही. "वैनी, घरात खायाला काय हाय?"

"ताकातल्या कण्या केल्यात. त्यांच्यासाटनंच करतीया रोज, आन रोज वतून टाकतीया."

"आना."

बनुबाईनं वाटी आणली. तातोबानं पुन्हा हातात हात घेतला, टॉवेल पसरला आणि मोठ्यानं म्हणाला, "ज्ञानू, ह्यो सौदा खोंडाचा न्हाई. कण्यांचा हाय. वाट्या किती खानार, बोल. माजा आकडा ह्यो."

ज्ञानूनं डोळे उघडले. जयराज भिंतीला टेकून उभा होता, बनुबाईनं वाटी दोन्ही हातांत धरलेली. मग टॉवेल हलला.

"बगा लबाड!" तातोबा ओरडला. "म्या दोन म्हनलो, तर ह्यो म्हनतूया अर्धी! पेरावर दाबतूया! आरं, अर्ध्या वाटीत चिमणीचं पोट भरायचं न्हाई. ह्ये घे, दीड." टॉवेल हलला. "न्हाई म्हनतूया. आपला आकडा सोडंना." टॉवेल पुन्हा हलला. ज्ञानूची भुवई चढली, उतरली. चांगलीच घासाघीस झाली. शेवटी तातोबानं टाळी दिली. "एक वाटी. मिटला सौदा. आता वैनी, बसा हितं. ह्यो हेडी हाय. टाळी दिल्यावर फिरल्याला न्हाई आजवर. चोर हाय, लबाड हाय, पर दिल्या हातावर फिरनारा न्हाई."

बनुबाईनं ज्ञानूची मान उशीवर उंच केली, चमच्यात कण्या घेतल्या आणि चमचा ओठाशी नेला. थोडं ताक चादरीवर सांडलं.

ओठ उघडले.

त्यानं घास घेतला, तोंडात घोळवला, गिळला. मग तिच्याकडं बघितलं. भिंतीकडं नव्हे, तिच्याकडं. आणि पुन्हा तोंड उघडलं. चमच्यामागून चमचा, सावकाश, मधेच ठसका लागला तर थांबून, त्यानं वाटी संपवली. संपल्यावर बनुबाईनं आशेनं आणखी एक चमचा पुढं केला, तर ओठ गच्च मिटले. एक म्हणजे एक!

जयराज भिंतीशी उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. सवय कण्यांची वाटी मोजत नाही, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बनुबाईला मात्र रडू येईना. ती नुसती बघत राहिली. आजवर तिनं देवाला नवस बोलले होते, अंगारे लावले होते, गोळ्या कुटून पाजल्या होत्या. आणि ज्याला ती चोर म्हणत आली, तो माणूस एक मळका टॉवेल घेऊन आला आणि मेल्यात जमा झालेल्याशी भांडून त्याला जेवायला लावून बसला. काय म्हणायचं याला?

मग तिनं तातोबालाही ताट वाढलं. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, वर वाटीभर पिठलं मागून घेतलं, आणि मग आपल्याच रिकाम्या ताटाकडं चकित होऊन बघत म्हणाला, "आयला, जेवलो की म्या!"

पण प्रश्न संपला नव्हता. हात धुऊन झाल्यावर जयराजनं तो काढलाच, आणि काढायलाच हवा होता. "तात्या, तुमी आज आहात. उद्या म्हसवडला गेलात की आबांशी बोलणार कोण? आईला त्यांना उचलता येत नाही. मला परवा निघायचंय. साताऱ्यात निदान बघायला माणसं आहेत."

"म्या ऱ्हातो की," तातोबा म्हणाला. "तिकडं माजी कोन वाट बगतंय? उचलायला हातभारबी लावीन. गुडघं ग्येल्यात, हात न्हाई ग्येलं. आन अजून धा हेडी हायत हितं भोवतीनं, समदी घरात कुजत पडल्याली. त्यास्नी निरोप धाडतो. आठवड्याचा बाजार ह्या सोप्यात भरवू, बैल नसलं तर नसलं."

"आणि रात्री-अपरात्री? तहान लागली, दुखलं-खुपलं, तर?"

बनुबाईनं पदर खोचला आणि पाटावर येऊन बसली. "मला शिकवा," ती तातोबाला म्हणाली.

तातोबा दचकला. "बायामानसानं? टावेलाखाली हात? वैनी, असं कवा झालं न्हाई."

"आवं, ही काय खरसुंडीची जत्रा हाय? ही माज्या घरची खाट हाय, आन ह्यो माजा नवरा हाय. परक्याचा हात धरतीया व्हय म्या? आना त्यो टावेल."

त्यानं शिकवलं, ते तिनं शिकून घेतलं. पंजा, पेर, एक बोट, दोन बोटं. टॉवेलाखाली हात घालताना तिचे कान लाल झाले, कारण पोरगं समोर उभं होतं आणि पोरासमोर तिनं नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. पोरासमोरच कशाला, जगासमोर कधीच नाही. खाली ज्ञानूची बोटं होती. खरबरीत, गरम, आणि नुसतं धरलं तरी कळावं अशी शहाणी. तिनं विचारलं, तहान लागलीय का, घोट किती? दोन बोटं दाबली गेली. तिनं दोन घोट पाजले. पाठ किती दुखतीया, पाचातली किती? चार. तिनं उशी सारली, आणि टॉवेलाखालचा आकडा दोनावर आला. एवढी वर्षं संसार केला आणि पाठ किती दुखते, हे या माणसानं तिला आज पहिल्यांदा सांगितलं. ती अचंब्यानं पुन्हा पुन्हा काहीबाही विचारत राहिली, आणि तो पुन्हा पुन्हा उत्तर देत राहिला.

"आई," जयराज हळूच म्हणाला. तो खाटेच्या पायथ्याशी येऊन बसला होता. "मग त्यांनाच विचार. साताऱ्याचं. गाडीवाल्याला मला काय ते सांगायला लागेल. आबा म्हणतील तसं करू. शब्द देतो."

बनुबाई घाबरली. आत्तापर्यंत तिला एकच भीती होती, की हा माणूस आत नाही. आता तो आत होता, तर नवीन भीती उभी राहिली: हा जातो म्हणाला तर? मी म्हातारी, दमते, पाठ धरून उठते, हे त्यानं पडल्या पडल्या बघितलं असणार. बायकोला त्रास नको म्हणून जातो म्हणाला, तर मग कुणाशी भांडायचं?

तिनं टॉवेल नीट पसरला. "आवं, ऐकताय न्हवं? साताऱ्याला चांगलं हाय म्हनत्यात. नर्स हाय, औषिद हाय. माज्यानं काय येवढं हुयाचं न्हाई. खरं सांगा. मला सोडून तितं किती दिस ऱ्हाशीला? आकडा सांगा."

ती बोट दाबलं जायची वाट बघत राहिली. एकही बोट दाबलं गेलं नाही. उलट त्यानं तिचं एक एक बोट धरून आत दुमडलं. अंगठ्याशेजारचं, मधलं, करंगळी, सगळी. तिची मूठ वळवली आणि त्या मुठीवर आपला पंजा घट्ट मिटून ठेवला. आणि मग तो हात हलेचना.

"काय म्हणाले?" जयराजनं विचारलं.

"काय न्हाई." बनुबाई म्हणाली. "आकडाच सांगीनात. दमलं वाटतं. माजी मूठ मिटली आन धरून बसल्यात नुसतं."

तातोबा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो ताडकन सरळ झाला. "काय मिटली? पुन्यांदा सांगा."

"मूठ. माजीच बोटं दुमडली, आन वरनं हात दाबून धरलाय. का? काय चुकलं का माजं?"

तातोबानं ज्ञानूकडं बघितलं, आणि ज्ञानू त्याच्याकडं बघतच नव्हता. तो बनुबाईकडं बघत होता.

"वैनी," तातोबा म्हणाला, "बाजारात लोकं बळंच एकाद्याच्या जनावराला मागनं घालत्यात. कितीबी आकडा वाडवत्यात. तवा ज्येला त्ये जनावर कुनालाच द्यायचं नसतं, त्यो असं करतूया. समोरच्याची मूठ मिटतो आन धरून ठिवतो. म्हंजे आकडाच न्हाई. जगात तेवढा आकडाच न्हाई. आन तुमास्नी सांगतो, ह्या ज्ञानूनं आजवर कुनाची मूठ मिटल्याली म्या बगितली न्हाई. सोताच्या हातानं वाडवल्याली खोंडं इकली ह्यानं. आईच्या मागची शेवटली गाय इकली. कायबी इकायचा ह्यो. कवाच कुनाची मूठ मिटली न्हाई ह्यानं."

जयराज उठला, खिशातनं मोबाईल काढला आणि बाहेर ओट्यावर गेला. त्याचं बोलणं आत ऐकू आलं. "दादा, उद्याची गाडी नको. न्हाई, परवा पण नको. आबा न्हाई म्हणाले."

"जनावर म्हनं," बनुबाई रडत रडत हसली. "म्या काय गाय हाय व्हय?"

ज्ञानूच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. टॉवेलाखाली तिनं हात जरासा ओढून बघितला. त्यानं सोडला नाही.